समुद्रघोड्यांचं पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एक मुलगी झालेली होती. कंपनीची सहल अलिबागला गेली होती. सगळे पाण्यात शिरले आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ओंजळ तोंडाला लावली. खारट असतं हे माहीत होतं, तरी लावली. पारनेर तालुक्यातल्या ज्या गावात मी वाढलो तिथं एवढं पाणी एका जागी असू शकतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

पुढं सोळा-सतरा वर्षांनी मी माझ्या घरात तसलंच खारं पाणी करायला लागलो. मुलगी बारावी होऊन पुण्याला शिकायला गेली. तिला हॉस्टेलवर सोडून परत येताना बसला वेळ होता, म्हणून स्टँडजवळच्या माशांच्या दुकानात शिरलो. आतल्या बाजूला एका उंच काचेच्या पेटीत ते दोघं होते. समुद्रघोडे. शेपटीनं एकाच काडीला धरून उभे, तोंडाला तोंड लावून. घोड्यासारखं डोकं, पण शेपटी माकडाची आणि डोळे सरड्याचे, एक डोळा इकडं तर दुसरा तिकडं. मी बस चुकवली. पुढचे दोन महिने दर रविवारी मुलीला भेटायच्या निमित्तानं जाऊन त्या दुकानात तासभर उभा राहत होतो, हे मुलीला अजून माहीत नाही.

"फार्मचे आहेत, चालतात," असं ते मला विकताना दुकानदार म्हणाला होता. ते चालत नाहीत, घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे आणि हे प्राणी बहुतेक मासेमारीच्या जाळ्यातूनच येतात, हे मला फार नंतर कळलं. कळल्यावर मी दुकानदारावर चिडलो. पण विचारायचं माझंही राहिलंच होतं, आणि मला विचारायचंच नव्हतं.

आम्ही नगरला नागापूर एमआयडीसीच्या मागं नवीन वसाहतीत राहतो. मी एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो, बायको अंगणवाडी सेविका. तेव्हा आमच्या वसाहतीत नळाची पाइपलाइन आली नव्हती. पावसाळ्यात बोअर चालायचे, फेब्रुवारीनंतर टँकर. शेजारच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. काकांनी सगळी उमर एमआयडीसीतच लेथ मशीनवर काढलेली. मावशी बुटकी, अंगानं काटक, सदा काहीतरी बोलत असलेली. त्यांच्या गच्चीवर पंचशील ध्वज असायचा आणि बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी खिरीचं पातेलं यायचं. दिवाळीला आमचा डबा तिकडं. अकरा वर्षं असं चाललं होतं.

समुद्रघोड्यांच्या पेटीचा लोखंडी स्टँड काकांनीच करून दिला. "उंच कशाला एवढी? मासे आडवे पोहतात," ते म्हणाले. मी म्हणालो, हे उभे पोहतात. काका हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

पाण्याची तयारी हा मोठा खटाटोप होता. बोअरचं जड पाणी चालत नाही, म्हणून फिल्टरच्या पाण्याचे जार आणून निळा ड्रम भरायचा. त्यात समुद्राचं म्हणून खास मिळणारं मीठ मोजून घालायचं, रात्रभर छोटा पंप फिरवत ठेवायचा, सकाळी खारेपणा मोजायचा आणि मग पेटीतलं थोडं जुनं पाणी काढून हे भरायचं. खाणं दिवसातून तीनदा. समुद्रघोड्याला पोट असं नसतंच. खाल्लेलं सरळ पुढं जातं, त्यामुळं तो सदा भुकेला, आणि खातो मात्र एखाद्या म्हाताऱ्यासारखा सावकाश. गोठवलेली बारीक कोळंबी पाण्यात सोडली की आधी एका डोळ्यानं बघणार, मग दुसऱ्यानं, मग मान वाकडी करून विचार करणार, आणि मग टक् असा बारीक आवाज होऊन कोळंबी गायब.

दुपारचं खाणं मावशी घालायची. मी कामावर, बायको अंगणवाडीत. किल्ली तिच्याकडंच असायची. आधी नाक मुरडलं तिनं. "ह्ये कसलं रे भाऊ? ना खायचं, ना लावायचं." महिन्याभरात मात्र संध्याकाळी मी गाडी लावायच्या आत तिचा अहवाल तयार असे. "नरानं आज सात खाल्ल्या. ती मातुर रुसलीया, तीनच." शिव्या देतानाही ती मला 'अरे' म्हणायची, आणि माझी आई गेल्यापासून मला अरेतुरे करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मिठाच्या पोत्याचं तोंड दोऱ्यानं शिवलेलं असायचं. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण उसवते. ते काम मावशीचं. मी पोतं आणलं की तिला हाक मारायची. ती पदर खोचून यायची, टोक शोधायची, सर्रकन दोरा ओढायची आणि विजयी चेहऱ्यानं तो बोटाला गुंडाळून घरी न्यायची. गोधडीला कामी येतो म्हणायची.

पहिल्या हिवाळ्यात नराच्या पोटाची पिशवी फुगली. यांच्यात पिल्लं नर वाढवतो. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

"बाप्याला कळा?"

"हो मावशी. मादी अंडी त्याच्या पिशवीत टाकते आणि मोकळी होते."

"आन बाळंतपन बाप्याच्या गळ्यात?" तिनं तिथूनच काकांना हाक मारली. "अवो, या इकडं! बगा, द्येवानं कुटं का हुईना न्याय केलाय!"

एका रविवारी सकाळी ते झालं. नर वाकायचा, सरळ व्हायचा, आणि प्रत्येक वेळी पिशवीतून कचऱ्यासारखे बारीक कण बाहेर उडायचे. नीट पाहिलं तर प्रत्येक कण हा एक पूर्ण घोडा होता, नखाएवढा. आम्ही चौघं काचेसमोर बसून होतो. मावशी कळा येणाऱ्या बाईला धीर द्यावा तसं त्याला म्हणत होती, "झालं, झालं, अजून थोडं." साठ तरी पिल्लं झाली असतील. आठवडाभरात सगळी गेली. त्यांना लागतं तसं बारीक जिवंत खाणं मी पुरेसं तयार करू शकलो नाही. शेवटचं पिल्लू मावशीच्या समोर गेलं. दुसऱ्या दिवशी नराला खाऊ घालताना ती त्याच्याशी फार वेळ बोलत बसली होती, असं त्या दिवशी लवकर घरी आलेल्या बायकोनं मला सांगितलं.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट आहे. मी ड्रममध्ये जार ओतत होतो आणि मावशी शेजारी पाटावर बसली होती. ओतल्या जाणाऱ्या पाण्याकडं बघत ती म्हणाली, "आमच्या गावाला आड हुता. आमाला हात लावाया न्हाई मिळायचा. माजी आई घागर घिऊन लांब बसायची. कुनी वाढलं तर पानी. कवाकवा दुपार व्हायाची. आमी पोरं तिच्या भवती बसायचो, आन ती म्हनायची, रडू नगा, रडलं की जास्त तहान लागती." मी "हं" म्हणालो. खारेपणा मोजायचं यंत्र डोळ्याला लावून मी आकडा बघत होतो. ती अजून काहीतरी बोलली, ते मला आठवत नाही. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

दुसरा उन्हाळा कडक आला. एप्रिलमध्येच टँकर चार दिवसांआड, मग आठ दिवसांआड. समुद्रघोड्यांना गार पाणी लागतं. मी पेटीवर दोन पंखे लावले, बर्फाच्या बाटल्या सोडल्या. पंख्यानं पाणी गार होतं, पण उडूनही जातं, आणि उडतं ते गोडं पाणी. मीठ मागं राहतं. म्हणजे रोज वरून गोडं पाणी घालणं आलंच. जारवाल्याचाही बोअर आटत चालला होता. घरटी एकच जार देईन म्हणाला. मी आधीपासूनच थोडं थोडं करून ड्रम भरून ठेवला होता, झाकण लावून. बायकोला सांगून ठेवलं होतं की याला हात लावायचा नाही.

मे महिन्यात मावशीची मुलगी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. बाळ बारा दिवसांचं असताना टँकर आलाच नाही. मागच्या टँकरनंतरचा नववा दिवस उजाडला. त्यात आदल्या दिवशी पाच-सहा तास वीज गेलेली, पंखे बंद, पेटीतलं पाणी तापून खराब झालं. सकाळी बघतो तर नर तळाशी पडून जोरजोरात श्वास घेत होता. त्याची पिशवी पुन्हा भरलेली होती. त्या दिवशी मला साप्ताहिक सुट्टी होती. अर्धं पाणी बदलणं भाग होतं. मी मिठाचं नवीन पोतं आणून ड्रमशेजारी ठेवलं, झाकण काढलं आणि पंप साफ करायला बसलो.

तेवढ्यात मावशी आली. नेहमीसारखी, दार न वाजवता. दोन्ही हातांत रिकामे हंडे.

"भाऊ, दोन हंडे पानी दे रे. पोरीला आंघूळ न्हाई दोन दिस, बाळाची दुपटी तशीच पडल्याती."

ड्रम तिच्यासमोर उघडा होता. काठोकाठ भरलेला. पाण्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं.

मी म्हणालो, "मावशी, त्यात मीठ घातलंय."

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. विचार करून बोललो नाही, पण बोललो तेव्हा मला कळत होतं. दोन हंडे म्हणजे तीसेक लिटर. ड्रममध्ये दोनशे लिटर होतं आणि मला लागणार होतं शंभर. दिले असते तर घोड्यांचं काहीही बिघडलं नसतं, आणि हेही मला त्याच क्षणी कळत होतं. पण उद्या आणखी लागलं तर, टँकर अजून चार दिवस नाही आला तर, एवढंच डोक्यात होतं.

मावशीनं ड्रमकडं पाहिलं. मग पोत्याकडं. पोत्याचं तोंड शिवलेलं होतं. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

"बरं," ती म्हणाली. हंडे उचलून निघाली. दारात थांबून तिनं विचारलं, "नर कसाय?"

"बरा नाही," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि घाईघाईनं पोत्याचा दोरा ओढायला लागलो. ते मला कधीच जमलं नव्हतं. गुंता झाला. शेवटी सुरीनं पोतं फाडलं आणि मीठ ड्रममध्ये ओतलं. मोजून घातलं नाही. बोललेलं खोटं लवकरात लवकर खरं करून टाकायचं होतं.

संध्याकाळी बायको घरी आली. मी तिला सांगितलं नाही. मावशी आमच्याकडून रिकामे हंडे घेऊन परतली, हे तिला बाहेरूनच कळलं होतं. काका सायकलवर दोन कॅन अडकवून उन्हाचे कंपनीच्या गेटपर्यंत गेले होते आणि तिथल्या वॉचमनकडून भरून आणले होते, हे तिनं पाहिलं होतं. माझ्याकडं न बघता तिनं स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्यातून एक हंडा भरला आणि शेजारी गेली. तसाच भरलेला हंडा घेऊन परत आली.

"काका म्हणाले, मिळालं आम्हाला, वहिनी. चहा घ्या म्हणाले," तिनं सांगितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "तुम्ही कुणाला पाणी नाही म्हणालात, कळतंय का तुम्हाला?"

मला राग आला. "त्याचा इथं काय संबंध? दुसरं कुणी असतं तरी मी हेच केलं असतं. माझ्या मनात तसलं काही नसतं, तुला माहितीय."

"मला माहितीय. त्यांना कसं कळणार?"

आमच्या गावी मळ्यात कामाला आलेल्या माणसांना माझे वडील वरून पाणी वाढायचे आणि ती माणसं वाकून ओंजळीनं प्यायची. मी पाच-सहा वर्षांचा असताना कळशी नेऊन द्यायचं काम माझं होतं. कुणाला लोट्यानं द्यायचं आणि कुणाला वरून, हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, पण माझं कधी चुकलं नाही. त्या रात्री जेवताना ते आठवलं, आणि मावशीचा आडाचा किस्साही तेव्हाच आठवला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी कारखान्यातून येताना दोन जार आणून मावशीच्या ओट्यावर ठेवले. ती बाहेर आली.

"मावशी, काल..."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उनाळ्यात समद्यांचंच तसं हुतं. तुमी कशाला तरास घेतला?"

'तुमी.' अकरा वर्षांत पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. चार दिवसांनी दोन्ही जार घासून, उपडे घालून, आमच्या ओट्यावर आले. किल्लीही त्यांच्यासोबत आली. आता बाळाचं करावं लागतं, दुपारी यायला जमणार नाही, असा निरोप बायकोकडं होता. ते खोटं नव्हतं. पण बाळ दोन महिन्यांनी आपल्या घरी गेलं, तरी मावशी आली नाही.

नर पाणी बदलल्यावर तीन दिवस जगला. भरल्या पिशवीनंच गेला. मीठ जास्त पडलं म्हणून गेला, की तापलेल्या पाण्यानंच गेला, मला सांगता येणार नाही. मादी राहिली. सकाळी हे दोघं एकमेकांना भेटायचे, रंग उजळायचे, शेपट्या गुंतवून काडीभोवती फिरायचे. ती रोज त्या वेळी त्या काडीपाशी जाऊन थांबायची. दुपारचं खाणं बंद झालं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी आल्यावर, असं दोनदाच मी तिला घालायचो. ती कमी कमी खात पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जगली. मी संध्याकाळी काचेसमोर बसायचो आणि किती खाल्ल्या ते मोजायचो. सांगायला कुणी नव्हतं. बायको त्या खोलीत फारशी येत नसे.

बुद्धपौर्णिमेला खीर आली, दिवाळीला आमचा डबा गेला. रस्त्यात भेटलो की मावशी मुलीची चौकशी करायची, गुडघ्यांची तक्रार सांगायची. बाहेरच्या माणसाला काही बिनसलंय असं वाटलंच नसतं. मी पन्नास वेळा तरी ठरवलं असेल की आज जाऊन सांगायचं. मग वाटायचं, आता एवढे महिने झाले, उकरून कशाला काढायचं. खरं म्हणजे मला भीती होती की ती पुन्हा 'ऱ्हाऊ द्या' म्हणेल.

पुढच्या वर्षी काकांना दम्याचा त्रास वाढला आणि त्यांच्या मुलानं दोघांना कोपरगावला नेलं. तो तिकडं साखर कारखान्यात नोकरीला होता. टेम्पोत सामान भरायला मी होतो. कपाट, खाट, शिलाई मशीन. मावशी बायकोच्या गळ्यात पडून रडली. माझ्याकडं वळून म्हणाली, "येते बरं का. सांबाळून ऱ्हावा." टेम्पो गेला. त्यानंतर दोनच महिन्यांत वसाहतीत नळ आले. पेटी मी भंगारवाल्याला दिली. स्टँड ठेवला, त्यावर आता इन्व्हर्टर आहे.

मागच्या हिवाळ्यात काका गेल्याचा फोन आला. बायकोला ताप होता, मी एकटाच गेलो. घर माणसांनी भरलं होतं. मी खाली सतरंजीवर बसलो. मावशी खूप वाळली होती. मला पाहून तिनं हात जोडले, शेजारी बसवून घेतलं, काकांच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. मग मधेच म्हणाली, "ती घोडी हायती का?"

"नाहीत मावशी. केव्हाच गेली."

"ती बी?"

"ती पण. नरानंतर नऊ महिने होती."

"लई गुणी हुती," ती म्हणाली आणि डोळे पुसले. ते काकांसाठी भरले होते की त्या मादीसाठी, मला कळलं नाही.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. भोवती कुणी नव्हतं. मी एकदम म्हणालो, "मावशी, त्या दिवशी ड्रममध्ये मीठ नव्हतं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"मी..."

"पानी न्हाई दिलं त्याचं काय न्हाई. पानी नसतंच कवा कवा." ती चौकटीला टेकली. बोलताना तिला धाप लागत होती. "पर तुमी मला सांगायचं हुतं, की मावशी, नर आजारी हाय, ह्ये त्याला लागतंय. मी काय म्हनले असते? मीच पोतं सोडून दिलं असतं. तुमाला वाटलं, हिला काय कळनार. न्हाई म्हनायचं तर तोंडावर म्हनायचं हुतं. आमी आयुष्यभर दुसरीच कारनं ऐकत आलो."

मी माफी मागितली. शब्द नेमके कोणते होते आठवत नाही, पण मागितली. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "बायकोला विचारलं म्हनून सांगा. ताप उतरला की फोन करा म्हनावं." आतून कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती भिंतीचा आधार घेत आत गेली.

चपलांच्या ढिगातून माझ्या चपला शोधायला मला वेळ लागला. स्टँडवर नगरची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळ जागा मिळाली. राहुरी येईपर्यंत अंधार पडला होता. बायकोचा फोन आला, कुठपर्यंत पोचलात म्हणून. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, मावशी काही म्हणाल्या का. मी म्हणालो, ताप उतरला की फोन कर म्हणाली.